बॉनेटखालची तंबाखू

पुण्यात मोटार ही आता चालवायची वस्तू राहिलेली नाही. ऑफिसला मेट्रो बरी पडते, मंडईत जायला स्कूटर, आणि रविवारी लक्ष्मी रोडला मोटार काढण्याइतका वेडा माणूस आमच्या सोसायटीत नाही. त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या गाड्या पार्किंगमध्ये कव्हर पांघरून निवांत उभ्या असतात. जागा कोरडी, काळोखी, डोक्यावर छप्पर, मेंटेनन्स दुसऱ्याच्या नावावर. उंदरांनी राहायला येऊ नये असं त्यात काहीही नाही.

गणपतीचं वाहन आणि आपलं वाहन हा विनोद गॅरेजच्या मिस्त्रीने, विमा एजंटाने आणि माझ्या मेहुण्याने करून झालेला आहे, तेव्हा तो सोडून पुढे जाऊ.

एका सकाळी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. मिस्त्री आला, बॉनेटला हात लावायच्या आधीच म्हणाला, "उंदीर." मग बॉनेट उघडलं. आतल्या बाजूच्या फेल्टच्या अस्तराला बशीएवढं भोक होतं आणि त्यातला कापूस बॅटरीशेजारी नीट गोल रचून ठेवलेला होता. त्यात शेंगदाण्याची फोलपटं, अर्धी पोळी, प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा. बाजूच्या वायरीवरचं प्लास्टिक सोलून काढलेलं, आतलं तांबं लखलखत होतं. तांब्याला त्याने तोंडही लावलं नव्हतं.

"खात नाही तो," मिस्त्री म्हणाला. "दात घासतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, घासले नाहीत तर तोंड मिटायचं नाही त्याचं." दात घासण्याबद्दल इतकी कळकळ आमच्या घरात कुणालाच नाही.

बातमी लिफ्टपर्यंत पोचायच्या आत उपाय सुरू झाले. तंबाखूची पानं कापडात बांधून बॉनेटखाली लटकवायची, हे पहिलं. डांबराच्या गोळ्या, हे दुसरं. कुणी हिंग सांगितला, कुणी फिनेल. मी कुणाचंही मन मोडलं नाही. सौ. गाडीत बसल्या, एसी लावला आणि लगेच काच खाली करून म्हणाल्या, "या गाडीत तंबाखू खाणारी म्हातारी राहते का, कपाटासकट?" तेव्हापासून त्या रिक्षाने जातात. उंदीर मात्र येत राहिला. वासाने गाडीपासून जो दूर झाला तो माणूस.

होंडा कंपनी तर मिरचीतलं तिखट द्रव्य लावलेली चिकटपट्टी विकते, वायरींना गुंडाळायला. हे मी सासुरवाडीला, म्हणजे कोल्हापुरात सांगितलं. सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "चवीला घालताय काय?"

शेजाऱ्यांनी अल्ट्रासॉनिक यंत्र आणलं. त्याचा आवाज माणसाला येत नाही, उंदराला येतो आणि म्हणे तो पळतो. काही दिवस पळतोही, मग त्याला सवय होते. ए-विंगच्या कुत्र्याला मात्र सवय झाली नाही. आम्हाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचं भाषांतर तो रात्रभर करून सांगायचा. यंत्र बंद झालं.

जाळी बसवावी म्हटलं, तर पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून लहान उंदीर शिरतो, आणि मोटारीचं पोट तर खालून सताड उघडं. मांजराचं म्हणाल, तर आमचं मांजर त्याच बॉनेटवर झोपतं. वरच्या मजल्यावर ते, तळमजल्यावर उंदीर, आणि दोघांत शब्दाने भांडण नाही. बी-विंगला हे आजवर जमलेलं नाही.

विम्याच्या फॉर्ममध्ये अपघाताची तारीख, वेळ आणि 'समोरच्या वाहनाचा तपशील' असे रकाने होते. वर सोडून दिलेला विनोद तिथे करायचा फार मोह झाला. पण पैसे हवे होते, म्हणून 'निरंक' लिहिलं.

खरा उपाय मिस्त्रीनेच सांगितला होता. खाण्याचा कण गाडीत ठेवू नका, रात्री बॉनेट उघडं टाका म्हणजे अंधार मोडतो, आणि रोज गाडी काढा. "कुठे जाऊ?" मी विचारलं. "कुठंही. इंजिन हललं की त्याचं बस्तान मोडतं." तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हे मनावर घेतलं. ते आता स्वतःचा मॉर्निंग वॉक सोडून मोटारीला फिरवून आणतात.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण चेअरमनसाहेबांच्या गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा इंजिनावर कोंबडीचं हाड निघालं. चांगलं तंगडीचं, टोकं कुरतडलेलं. आमची सोसायटी नियमाने नाही, पण चेअरमनांच्या समजुतीने शाकाहारी आहे. "बाहेरून आणलं असेल त्याने," कुणीतरी सावरून घेतलं. त्यावर बी-विंगमधले निवृत्त प्राध्यापक, ज्यांना कुणी विचारत नाही, ते बोलले. शहरातला खाऊनपिऊन सुखी उंदीर सहसा शंभर-दीडशे फुटांपलीकडे जात नाही. म्हणजे हाड आवारातलंच.

तातडीची सभा झाली. विषय क्रमांक एक, पार्किंगमधील उंदीर. मुंबई महापालिका रात्री काठी आणि टॉर्च देऊन उंदीर मारायला माणसं पाठवते, रात्रीचे तीस उंदीर असा त्यांना कोटाही असतो, अशी माहिती सचिवांनी दिली आणि वॉचमनकडे पाहिलं. "मग गेटवर कोण बसणार?" वॉचमनने विचारलं. विषय क्रमांक एक संपला.

उरलेला वेळ हाडाला लागला. कचऱ्याच्या पिशव्या तपासाव्यात, अशी सूचना आली. कोणाच्या, यावर आवाज चढले. रविवारी दुपारी कुठल्या जिन्यात कसला वास येतो याची बरीच माहिती बऱ्याच जणांकडे तयार होती. चेअरमनसाहेब हात जोडून शांत राहा म्हणत होते, तेवढ्यात त्यांचा सात वर्षांचा नातू पुढे आला आणि म्हणाला, "आजोबा, ते बुधवारचं आहे. बाबांनी गाडीत बसून खाल्लं होतं, आजीला सांगू नको म्हणाले."

सभा तहकूब झाली. उंदरांचा विषय पुढच्या सभेत घ्यायचा आहे, पण अजून कुणी तारीख सुचवलेली नाही.