बटण कुठंय रे?

भोपाळच्या अयोध्या नगरात एखाद्या मराठी घरी नातू आजोबांच्या डोळ्यांवर फोन बसवलेला व्हीआरचा (आभासी वास्तवाचा) डबा चढवतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "बटण कुठंय रे?"

"बटण नाही आजोबा. नुसतं बघत राहा."

मग आजोबा 'प्ले'वर टक लावून बसतात. पापणी लवली तर चालते. मान हलली की टक लावण्याच्या सेकंदांची मोजणी पहिल्यापासून. कारण साध्या डब्यातल्या फोनला नजर कळतच नाही, कळते ती मान. तरी या पद्धतीचं नाव मात्र 'नजरेने खेळा'!

तसं बटण कधी नव्हतंच असं नाही. गुगलने 2014 साली 'कार्डबोर्ड' हा पुठ्ठ्याचा व्हीआर डबा आणला, त्याला बटण म्हणून चक्क लोहचुंबक होतं. ते खाली ओढलं की फोनमधलं होकायंत्र गोंधळायचं आणि त्या गोंधळालाच क्लिक म्हणायचं. ज्यांच्या फोनात होकायंत्र नव्हतं, त्यांनी चुंबक फ्रिजला लावावं. 2015 मध्ये चुंबक जाऊन स्क्रीनला टेकणारी खटकी आली. 2016 ला गुगलच्याच 'डेड्रीम' या पुढच्या व्हीआरने हातात रिमोट दिला. 2019 ला डेड्रीमच गुंडाळलं.

शिवाय खेळ रचणाऱ्यांचं एक लाडकं गृहीत असतं: खेळणारा फिरत्या खुर्चीत बसलाय. इथे प्लास्टिकची खुर्ची, एका बाजूला कूलर, दुसऱ्या बाजूला दिवाण. पाठीमागून राक्षस आला तर आजोबांनी वळायचं कुठे? खेळानेच दृश्य फिरवलं, तर डोळे म्हणतात फिरतोय, कान म्हणतात बसलोय, आणि भांडणाची भरपाई पोट करतं.

आजोबांनी डबा उतरवून चष्मा लावला आणि मान चोळली. 'प्ले' अजून सुरू झालेलं नाही.