बावन्न पांढऱ्या, छत्तीस काळ्या

आमच्या बार्शीत कुठल्याही गोष्टीची चौकशी वजनापासून सुरू होते. तूर असो, ज्वारी असो की सोयरीक, माणूस आधी हातात धरून अंदाज घेतो. त्यामुळे शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पियानो घ्यायचं काढलं, तेव्हा मार्केट यार्डातल्या आडतवाल्या मित्राने पहिला प्रश्न विचारला तो रास्तच होता.

"किती किलोचा येतो ओ सर?"

खरा पियानो म्हणशील, तर अगदी साधा, भिंतीला टेकून उभा राहणारा घेतला तरी २०० किलोंच्या घरात, मी सांगितलं. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा, आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन.

"म्हंजे दोन ट्रक तूर," तो म्हणाला. "आन् ती तुम्ही माडीवर चढवनार?"

खरा पियानो तिथेच बाद झाला. नाहीतरी आमच्याकडच्या उन्हाळ्यात दाराची फळी तडकते आणि पावसाळ्यात तीच फुगून चौकटीत अडकते. पियानोचं लाकूड काही वेगळ्या जातीचं नसतं. दर खेपेला सूर लावायला पुण्याहून माणूस आणायचा म्हणजे पियानोपेक्षा त्याचाच पाहुणचार जड. म्हणून डिजिटल. त्याला सूर लावावा लागत नाही. वीज मात्र लागते.

आता हे खूळ डोक्यात आलं कुठून? मी चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय. पुण्याला मुलीकडे गेलो असताना तिने कानाला हेडफोन लावून दिला, आणि त्यातून पियानोवर वाजवलेला बाख आला. एकच वाद्य, पण दोन माणसं एकमेकांशी बोलावीत तसं. दुसरा माणूस कोण, हे शोधता शोधता लक्षात आलं की तो वादकाचा डावा हात आहे. मी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. चाळीस वर्षं त्याने भाता मारण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

बार्शीला परत येऊन मी जाहीर केलं, "मला क्लासिकल वाजवायचंय." या शब्दाने बराच घोळ झाला. भजनी मंडळाला वाटलं, सर आता यमन धरणार. आमचे म्हातारे पेटीमास्तर तर रागावलेच. "त्यात मींड कुठाय?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं हे पियानोच्या नशिबात नाही. शिवाय सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर पियानोचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चौदा भागांनी चढा असतो. मास्तरांचा कान तेवढ्यावरही अडखळतो. पण गंमत अशी, की नेमक्या याच आरोपांवरून १९४० साली आकाशवाणीने पेटीला बाहेर काढलं होतं आणि १९७१ पर्यंत उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. ज्या खटल्यात आपलं वाद्य तीस वर्षं आरोपी होतं, त्यात मास्तर आता न्यायाधीश होऊन बसले होते. मी हे बोललो नाही. यमन पेटीवरच वाजवेन, पियानोवर फक्त बाख, असा तह केला आणि निघालो.

सोलापूरच्या पहिल्या दुकानात मुलाने मोठ्या अभिमानाने एक कीबोर्ड पुढे केला. ६१ पट्ट्या, चारशे आवाज. ढोलक, सनई, पाखरांचा किलबिलाट, आणि शेवटी चक्क हेलिकॉप्टर. "सर, हे बघा," म्हणत त्याने माझ्यासाठी ते दोनदा उडवून दाखवलं. मी विचारलं, पियानो? तोही होता, पहिल्याच नंबरावर. पण पट्टीवर हळू बोट ठेवा की हाणा, ती खाली जाई ती स्विचच्या बटणासारखी.

"सर, ६१ लई झाल्या," तो म्हणाला. त्याला ठाऊक नसेल, पण त्याच्या बाजूने साक्षात मोझार्ट उभा होता. मोझार्टच्या पियानोला पाचच सप्तकं, म्हणजे ६१ पट्ट्याच होत्या. फक्त त्याच्या पट्ट्या मध्यमापासून मध्यमापर्यंत, आणि या कीबोर्डाच्या षड्जापासून षड्जापर्यंत. म्हणजे पट्ट्या तेवढ्याच असून मोझार्टचा खर्ज दुकानातच राहणार. पुढे बीथोवेनच्या हयातीत पियानो दोन्ही बाजूंनी वाढत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ८८ वर येऊन थांबला. बावन्न पांढऱ्या, छत्तीस काळ्या. पत्त्यांचा पूर्ण जोड आणि पत्रिकेतले सगळे गुण.

पण खरी गोष्ट पट्ट्यांच्या संख्येची नाही, वजनाची आहे. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी उडून तारेवर बसते. बोट जितक्या जोरात, तितका आवाज मोठा. १७०० च्या सुमारास फ्लोरेन्सच्या क्रिस्तोफोरीने हे यंत्र जुळवलं ते एवढ्याचसाठी. पेटीत लहानमोठेपणा भात्यात असतो, पियानोत तो बोटात. ते बोट तयार व्हायचं तर पट्टीला ओझं पाहिजे. चांगल्या पियानोची पट्टी ५० ग्रॅमच्या आसपास वजन ठेवलं की आपणहून खाली बसते, आणि खर्जाकडच्या हातोड्या मोठ्या म्हणून तिकडे थोडं जास्त लागतं. हे वाचलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ५० ग्रॅम! हा तर आमचाच विषय.

आडतवाल्याच्या काट्यावरून ५० ग्रॅमचं पितळी वजन मागून घेतलं आणि पुण्याची एसटी धरली.

दुकानातल्या तरुणाने पॉलिफनी समजावून सांगितली. पेडल दाबून धरलं की जुने सूर नव्या सुरांवर साचत जातात, आणि यंत्राला एका वेळी जितके सूर सांभाळता येतात त्यापुढे ते जुने सोडून द्यायला लागतं. म्हणून ६४ पेक्षा १२८ बरं. मी मान डोलावली आणि खिशातून वजन काढून पट्टीवर ठेवलं. तो बघत राहिला. पट्टी हलेना. वर पाच रुपयांचं नाणं ठेवलं, तशी बसली. खर्जाकडे आणखी दोन नाणी लागली. मग दुसरा पियानो, तिसरा. मापाड्याच्या तोऱ्यात मी अख्खी रांग तोलून काढली. बायको दुकानाच्या दारात उभी राहून रस्त्यावरची रहदारी बघत होती. मी ओळखीचा नाही असं तिने ठरवलं असावं.

शेवटी घेतला तो बारा किलोंच्या आतला. आवाज पंधरा-वीसच, हेलिकॉप्टर नाही. परतीच्या एसटीत कंडक्टरने लांबुळक्या खोक्याकडे बघून विचारलं, "पाळणा हाय का?" बायको म्हणाली, "हो."

घरी माडीवर मापं घेतली. नुसत्या पट्ट्यांची रुंदीच चार फूट. १८९७ साली कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाने कुर्डुवाडीहून आमच्या गावाला बार्शी लाईट रेल्वे आणली, तिचे रूळ अडीच फुटांवर होते. त्या गाडीवर वाढलेल्या माणसाने साडेतीन सप्तकांच्या पेटीत जन्म काढला, यात नवल नाही. हा पियानो त्या दोन रुळांच्या मधे आडवा मावलाच नसता. कपाट सरकवून खिडकीखाली जागा केली.

पहिल्या रात्री बसलो. उजवा हात चटकन चालू लागला. डावा उचलून पट्ट्यांवर ठेवायचा, तर तो हवेत पुढेमागे होऊ लागला. भाता शोधत होता बिचारा. त्याला समजावण्यात तीन आठवडे गेले. बाखने १७२२ मध्ये पुरी केलेल्या वहीतली पहिलीच रचना मी धरली आहे, कारण तीत डाव्या हाताला एका वेळी दोनच सूर धरायचे असतात. सगळी मिळून ३५ आवर्तनं. सध्या अकराव्यात आहे. रात्री हेडफोन लावून वाजवतो, तेव्हा बाहेर फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येते, आणि शेजाऱ्यांची खात्री आहे की सर आत्मचरित्र टाईप करतायत. मधेच वीज गेली की बाख जिथल्या तिथे थांबतो. मग पेटी काढतो आणि यमन. डावा हात खूश होतो.

तुम्हीही डिजिटल पियानो बघायला निघाला असाल, तर ५० ग्रॅमचं वजन खिशात टाकून जा. दुकानदार हसेल, हसू द्या. निघताना ते उचलायला मात्र विसरू नका. माझं पुण्यातच राहिलं, आणि आडतवाला दर मंगळवारी आठवण करतो.