साडेतेवीस

त्यांचं खरं नाव हजेरीपटापलीकडे कुणी वापरत नाही. ऑफिसात ते ‘साडेतेवीस’. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे २३.५ मीटर, त्याहून बारीक वस्तू त्याला सुटी दिसत नाही. वर्षानुवर्षं तीच चित्रं वाचून आता यांनाही दिसत नाही. घरात नवे पडदे लागले की आठवड्याने कुणीतरी सांगावं लागतं. “अगं, आपला फ्लॅट शेजाऱ्यांसकट एका पिक्सेलात मावतो, पडदे कुठले दिसणार?” असं वर बायकोलाच ऐकवतात.

झाड त्यांच्या लेखी लाल. पानं जे अवरक्त किरण परतवतात ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून चित्रात त्यांना लाल रंग देतात. इथवर ठीक. पण धाकटीच्या चित्रकलेच्या वहीतला आंबाही त्यांनी लाल करून दिला, आणि बाईंनी फुली मारल्यावर शाळेत जाऊन बाईंची शिकवणी घेतली. पावसाळ्यात मात्र त्यांना कशाबद्दलच मत नसतं. ढग! “डेहराडूनची वनसर्वेक्षणवाली मंडळीसुद्धा ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतात, मग मीच जुलैत का बोलू?”

माणसांच्या डोक्याकडे ते वरूनच बघतात. छत्र ७० टक्क्यांच्या वर असेल तर अतिदाट, ४० पर्यंत मध्यम, १० पर्यंत विरळ, त्याखाली खुरटी झुडपं. वनांचा अहवाल दर दोन वर्षांनी निघतो, हेही त्यांच्या अंगात भिनलेलं. एका लग्नात, पंगतीत, साहेबांना म्हणाले, “सर, मागच्या खेपेला मध्यम होतात, यंदा विरळात आलात.”

सोमवारी त्यांच्या हातात दोडामार्गच्या पडताळणीचा हुकूम पडला. ऐन मे महिन्यात.

जीपीएस घेऊन घामाघूम होत ते नेमक्या ठिपक्यावर पोचले. नकाशात अतिदाट जंगल. समोर लुगड्याचा ओचा खोवून काजू वेचणारी आजी.

“आजी, हे जंगल...”

“जंगल खंयचा, झिला? ही माजी काजीची बाग.”

साडेतेवीसांनी समजावलं : एक हेक्टरहून मोठी जागा, १० टक्क्यांहून जास्त झाडोरा, मग मालक कुणीही असो, झाडं लावलेली असोत की आपसूक वाढलेली, ते वनाच्छादन. आजी गंभीर झाली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “ह्यां फॉरेस्टवाल्यांका सांगू नको हां.” आणि तोंड बंद राहावं म्हणून असेल, ओल्या काजूगरांची पुडी त्यांच्या हातात कोंबली.

मग एकदम तिला काही आठवलं.

“तुज्या त्या उपग्रहाक माजी म्हस दिसता काय रे? काल सांजेपासून घराक येवक नाय.”

“म्हैस नाही दिसत, आजी. लहान पडते.”

“लहान?” आजी भडकली. “माजी म्हस? तुया बघलंस खंय तिका!”