दोरी, फरशी आणि हुज्जत

बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या बेसमेंटात रविवारी सकाळी डोकावलं, तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसण्याची बरीच शक्यता असते. पायांत स्लिपर, गाडीच्या दोन्ही अंगांना चाकाच्या मध्याच्या उंचीवर ताणलेली नायलॉनची दोरी, पुढच्या प्रत्येक चाकाखाली दोन-दोन गुळगुळीत फरशा आणि त्यांच्यामध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडकून न राहता हवं तसं सरकावं. आपला मराठी अभियंता घरच्या घरी व्हील अलाइनमेंट करतोय. ‘किती वेळ लागेल?’ असं घरून विचारणं झालं, तर उत्तर १८१८ साली अ‍ॅकरमनने लंडनला घेतलेल्या स्टिअरिंगच्या पेटंटपासून सुरू होतं आणि मूळ शोध त्याचा नव्हे, म्युनिकच्या लांकेनश्पेर्गरचा, या दुरुस्तीपाशी फोन ठेवला जातो. सोसायटीचं मात्र त्याच्याबद्दल एकच मत: चिक्कू. हे मत हिशेबात टिकत नाही. एस. पी. रोडवरून आणलेला टॉर्क पाना, जॅक स्टँड आणि डिजिटल कॅलिपर यांच्या किमतीत दुकानातली अलाइनमेंट वर्षानुवर्षं झाली असती. चिक्कू माणूस टायर झिजू देतो. पाने जमवत बसत नाही.

कॅमेऱ्याची यंत्रं कोपऱ्याकोपऱ्यावर असताना दोरी कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण बहुतेक छोट्या गाड्यांत कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातच ठरून आलेले असतात, दुकानदाराच्याही हातात पुढच्या चाकांचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेपणा, तेवढा असतो. तो मोजायचा म्हणजे रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत एक माप, मागच्या कडेपासून दुसरं, आणि वजाबाकी. मग चेक नट सैल करून टाय रॉड फिरवायचा, दोन्ही बाजूंना सारखा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं. यंत्र जास्त बारीक मोजतं हे कबूल. पंधरा इंची रिमवर एका मिलिमीटरची चूक म्हणजे सुमारे ०.१५ अंश, आणि ओणवं होऊन पट्टी वाचताना एक मिलिमीटर सहज इकडचा तिकडे होतो. मात्र यंत्रावर कुणी गाडीचं मॉडेलच चुकीचं निवडलं, तरी सगळे आकडे हिरवे असलेला कागद हाती पडू शकतो. शिवाय मेट्रोसाठी उकरलेल्या आउटर रिंग रोडवर सोमवारी सकाळी पहिला खड्डा दोघांचीही अचूकता एकाच मापाने मोजतो. तेव्हा तंत्राच्या बाजूने आपला माणूस अगदीच हास्यास्पद नाही. खरं कारण मात्र तंत्रात नाहीच.

खरं कारण असं, की मराठी माणसाला काम करून घेताना हुज्जत लागते. कारागिराच्या डोक्याशी उभं राहून ‘अहो, ते तसं नाही’ असं चार वेळा म्हटल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही, आणि हुज्जत घालायला आपली भाषा लागते. कानडी त्याला येते ती ‘एष्टु’, ‘साकु’ आणि ‘स्वल्प’ एवढी. त्यात भाव विचारता येतो, शंका काढता येत नाही. हिंदीत तो भांडायला लागला की तक्रारीची विनंती होते. इंग्रजीत दोन्ही पक्ष इतके सभ्य होतात की कुणाचंच चुकलेलं नसतं. मग अविश्वास बोलून दाखवता येत नसेल तर मोजून दाखवावा, म्हणून तो गाडीखाली शिरतो. पुरावा हवा असेल तर दिवाळीत पाहा. कोल्हापूर आलं की हाच गृहस्थ डिकीतल्या कॅलिपरला हात न लावता गाडी सरळ गॅरेजात घालतो. “मालक, उजवं चाक अजून अर्धा सूत बाहेर दिसतंय.” “साहेब, मशीन ओके दाखवतंय की!” “मशीनचं सोडा हो, तुम्ही स्वतः बघा.” अर्धा तास असा जातो, चहा होतो, चेक नटला कुणी हातही लावत नाही, आणि गाडी एकदम सरळ चालायला लागते.

मग एवढी वर्षं तिथे राहून नीट कानडी का शिकत नाही, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, आणि शिकायलाच हवी. मालकाशी, शेजाऱ्यांशी, बसवाल्याशी तिचा उपयोग होईल. पण अलाइनमेंटच्या खड्ड्यात उतरून प्रत्यक्ष पाना धरणारा पोरगा पुष्कळदा ओडिशा नाहीतर बिहारहून आलेला असतो, आणि मालकाच्या कानडीला तोही मान डोलावून ‘हां सार’ एवढंच म्हणतो.