कुणाच्या अध्यात ना मध्यात

"मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही," हे वाक्य हाउन्सलोचे आमचे काका दोन हप्त्यांत बोलतात. 'अध्यात'पाशी हीथ्रोला उतरणारं विमान छपरावर येतं. काका बोट वर धरून थांबतात आणि ते गेलं की बरोब्बर 'नाही'पासून उचलतात. नवखा पाहुणा मधल्या वेळात स्वतःचं काही सांगू पाहतो आणि फसतो. पश्चिमेचा वारा असला की दुपारी तीनला उतरायची धावपट्टी बदलते. कुठल्या आठवड्यात आपल्याला तीननंतर शांतता, हे काकांना तोंडपाठ. महत्त्वाची मतं ते तेव्हासाठी राखून ठेवतात.

आपण या रस्त्यावर राहतो हेही कुणाला ठाऊक नसावं, असा त्यांचा समज आहे. दिव्याच्या खांबावर कुणाच्या पोटमाळ्याच्या बांधकामाची नोटीस लागली की पहिले वाचक काका. कुणी कचऱ्याचा डबा आदल्या दुपारीच बाहेर काढला, कुणाची गाडी कुणाच्या दारात दोन बोटं शिरली, सगळं वहीत. तिसऱ्या धावपट्टीविरुद्ध तर ते 2009 पासून पत्रं लिहिताहेत. ती मंजूर झाली, 2010 मध्ये बारगळली, 2018 मध्ये पार्लमेंटनं पुन्हा होकार दिला. काकांचा मसुदा तोच, मंत्र्याचं नाव तेवढं नवं. शेवटची ओळ: मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

शेजारची पंजाबी बाई त्यांना 'गुजराती भाईसाब' म्हणते. कोपऱ्यावरच्या पोलिश कुटुंबाचा ग्रह याहून पक्का: वही घेऊन हिंडणारा हा माणूस काउन्सिलचाच. ब्रेक्झिटनंतर युरोपीय रहिवाशांच्या अर्जाची मुदत, 30 जून 2021, जवळ आली तेव्हा त्या घरातली आजी कागदांची पिशवी घेऊन थेट काकांकडे आली. आपण काउन्सिलचे नाही, हे काका सांगायला लागले आणि विमान आलं. ते जाईपर्यंत आजीनं पिशवी टेबलावर उलटी केली होती.

मग काकांनी तिचा पासपोर्ट फोनवर स्कॅन केला, भिंतीशी बसवून फोटो काढला, जुनी बिलं तारीखवार लावली. "भाषा येत नाही तर यांनी जायचं कुठं," असं मोठ्यानं पुटपुटत. तरुणपणी ते स्वतः क्रॉयडनच्या लूनर हाउसमधल्या इमिग्रेशन कचेरीच्या रांगेत, कुणाला काय विचारावं हे न कळून, दिवसभर उभे राहिले होते. हे काकूंनी सांगितलं. ते कधी बोलले नाहीत.

मंजुरी आली. ती काकांनीच दिली, असं आजी धरून चालते. आता रस्त्यावर कुणी नवं राहायला आलं की ती त्याला कागदपत्रांसकट काकांच्या दारात उभं करते. "बघा, या देशात कुणी कुणाला स्वस्थ बसू देत नाही," असं मला ऐकवत काका चष्मा लावतात आणि त्याच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघू लागतात.