सोळा मोसम कोण थांबणार?

"काय हो वहिनी, मघापासून अण्णांचा आवाज पार आमच्या परसात ऐकू येतोय. कुणावर चिडलेत?"

"अय्यो अक्का, कॉलेजच्या कमिटीचा फोन होता. बास्केटबॉलच्या सरांना बदलायचं म्हणतायत. दोन वर्षं झाली, कप एकही नाही. आणि पहिल्या दिवशी मुलींना काय शिकवलं, तर मोजे घालायला! नातच सांगत होती."

"म्हणजे सरांनी जॉन वूडनचं वाचलेलं दिसतंय."

"हा कोण आणखी?"

"अमेरिकेतला. लॉस एंजलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीचा कोच. आमच्या धाकट्यानं त्याचं पुराण सांगून सांगून माझ्याकडून तोंडपाठ करून घेतलंय. बारा वर्षांत दहा वेळा देशाचं विजेतेपद, त्यात सात लागोपाठ. एकदा तर सलग ८८ सामने जिंकले. आणि दर मोसमाचा पहिला धडा हाच, मोजा ओढून घ्या, टाचेला, बोटांपाशी सुरकुती नको. सुरकुती राहिली की फोड, आणि फोड आला की पोरगं बाहेर बसलं."

"एवढे मोठे खेळाडू, ऐकून घ्यायचे?"

"न ऐकून सांगतात कुणाला! बिल वॉल्टन म्हणून देशातला एक नंबरचा खेळाडू. केस वाढवून आला आणि वर हुज्जत घालायला लागला. वूडन शांतपणे म्हणाला, बरोबर आहे बाबा तुझं, पण संघात कोण ते मी ठरवतो, तुझी उणीव भासेल आम्हाला. गडी सायकलवर टांग टाकून थेट न्हाव्याकडे!"

"फारच सोवळा दिसतोय."

"तसंही नाही हो. सॅम गिल्बर्ट नावाचा एक पैसेवाला नियम मोडून खेळाडूंचे लाड पुरवायचा. १९७५ मध्ये वूडन निवृत्त झाला, आणि १९८१ मध्ये त्या प्रकरणात युनिव्हर्सिटीला शिक्षा झाली. वूडनला ते दिसलं नाही की त्यानं बघितलं नाही, यावर लोक अजून भांडतात. पण माणूस हळवा. बायको १९८५ मध्ये गेली, तर दर महिन्याच्या २१ तारखेला तिला पत्र लिहायचा आणि तिच्या उशीवर ठेवायचा."

"बघा! आमचे हे वाण्याची यादीसुद्धा लिहून देत नाहीत."

"आता मुद्द्याचं ऐका. वूडन यूसीएलएत आला १९४८ मध्ये आणि पहिलं विजेतेपद मिळालं १९६४ मध्ये. सोळावा मोसम तो! गाण्यातही तेच. आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल रेल्वेनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे गाणं शिकायला जायच्या. एक जागा मनासारखी गळ्यातून आल्याशिवाय गुरुजी पुढं सरकायचे नाहीत. दोन वर्षांत मैफल दाखवा म्हणून कुणी हटून बसलं असतं तर?"

"मग ह्यांना सांगू काय?"

"कपाचं राहू द्या, म्हणावं. मुली सकाळी वेळेवर मैदानावर येतात का, दुखापतीनं किती जणी घरी बसल्या, गेल्या वर्षीच्या किती जणी टिकल्या, एवढं रजिस्टर बघून या. ते बरं असेल तर सरांना हात लावू नका, अजून चार वर्षं तरी."