माहेरी आली ती थेट चायनीजवर!

ऐकलंत का? आमच्या गल्लीतल्या काकूंची पुण्यातली लेक कित्येक वर्षांनी सवडीनं माहेरी आली. कायगावच्या पुलावर गोदावरीला हात जोडले, इथवर सगळं रीतसर. पण गंगापूरच्या स्टँडवर उतरली आणि बॅग घेऊन गेली कुठं? चायनीज सेंटरवर! इकडे आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी, तिकडे बाईसाहेब ‘हाफ मंचुरियन ड्राय’ सांगून मोकळ्या. घरी बातमी आणली चुलत्यांनी. चुलते त्या वेळी तिथं काय करत होते, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

तिला धक्का बसला तो वेगळाच. ती गेली तेव्हा तिथं लाल रंगाचा हातगाडा होता. आता तिथं गाळा झालाय. शटर, खुर्च्या, प्लास्टिक चढवलेलं मेनूकार्ड, भिंतीवर जीभ काढलेला ड्रॅगन आणि त्याच्या डोक्यावर गणपतीची तसबीर. म्हणजे चीननं घुसखोरी केली तरी वरून लक्ष ठेवायला बाप्पा आहेच. तिनं विचारलं, ‘‘दादा, ओळखलं का?’’ दादांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘ओळखलं ना ताई. शेजवान जास्त, कोबी कमी.’’ नाव विसरला असेल, पण गिऱ्हाइकाचं तिखट विसरला नाही!

गाळा झाला तरी गडी तोच, हातही तोच. कोबीचे गोळे दुपारीच तळून परातीत थप्पी लावून ठेवलेले. संध्याकाळी शेगडी भगभगली की कढईत तेल, ठेचलेला लसूण, आलं, मिरची. मग खिळ्यानं झाकणाला भोक पाडलेली सोया सॉसची बाटली उलटी करून दोन झटके, व्हिनेगरचा एक. कॉर्नफ्लॉवरचं पाणी पडलं की रस्सा लगेच चकाकतो. वरून पातीचा कांदा, आणि डाव कढईच्या काठावर ठण्णकन आपटायचा. तो आवाज आला की पलीकडच्या औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा पित्ताची गोळी हातात घेऊन इकडे वळून बघतं.

‘‘चिन्यांचं खाणं ते, आपल्याला पचायचं नाही,’’ हे आमच्या गल्लीचं ठरलेलं मत. अहो, कुठल्या चिन्यांचं? मंचुरियनच्या जन्माची जी हकिगत सांगतात ती 1975 ची आणि मुंबईची. कोलकात्यात चिनी घरात जन्मलेले नेल्सन वाँग तेव्हा क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करायचे. कुणीतरी वेगळं काही मागितलं, म्हणून त्यांनी आपल्यासारखंच आलं-लसूण-मिरची परतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतला. कोंबडीची जागा पुढं कोबीनं घेतली. म्हणजे हे आपल्या भज्यांचंच भावंड, फक्त पाण्यात पडलेलं. आणि शेजवानचं तर विचारूच नका. चीनच्या सिचुआन प्रांतात जिभेला मुंग्या आणणारं जे मिरं घालतात, त्याचं सख्खं नातं आपल्या कोकणातल्या तिरफळाशी. आमच्या शेजवानात त्याचा एक दाणा सापडला तर दाखवा. तिथं सगळा कारभार लाल मिरची आणि लसणाचा.

तरी 2020 च्या जूनमध्ये, गलवानच्या भारत-चीन चकमकीनंतर, केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज खाण्यावर बहिष्कार घाला म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे त्यावर कडाक्याची चर्चा झाली. हातात पार्सल धरून झाली, पण झाली.

मग अजिनोमोटो! बारशाला, सत्यनारायणाला, कुठंही दोन बायका भेटल्या की याच्यावर घसरणारच. ‘‘बाई, त्यानं म्हणे आतडी गळतात.’’ ज्यानं चव येते ते ग्लुटामेट 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळं काढलं, आणि तेच पिकल्या टोमॅटोतही असतं, हे मी एकदा सांगून पाहिलं. त्या दिवसापासून त्या बायका टोमॅटोकडे संशयानं बघतात, मंचुरियन चालूच आहे.

माझं विचाराल तर खरी पोटदुखी अजिनोमोटोनं नाहीच. तालुक्याच्या गावी बाईमाणसानं बाहेर खायचं म्हणजे ‘फॅमिली रूम’च्या मळक्या पडद्याआड, तेही घरचा पुरुष बरोबर असला तर. चायनीजच्या गाड्याला पडदा कुठून आणणार? कॉलेजच्या पोरी, वाळूजच्या एमआयडीसीतून सुटलेल्या पोरी आपापल्या पैशानं प्लेट घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या, मोठ्यानं हसल्या, पुन्हा वर ‘‘दादा, चटणी कमी पडली’’ म्हणून भांडल्यासुद्धा! पोरांनी हेच केलं तेव्हा कुणाच्या आतड्यांची काळजी नव्हती. पुण्याच्या लेकीचंही तेच. ती कुल्फी खाऊन आली असती तर ‘‘दमली असेल पोर’’ म्हणाले असते. भर स्टँडवर एकटीनं मंचुरियन खाल्लं, म्हणून गल्ली पेटली.

आणि बोलतात कोण? परवाच्या हळदीला वरण-भाताच्या ओळीत नऊवारीतल्या दोन आज्या आणि मंचुरियनच्या काउंटरपुढं ही रांग! एका आजीला कवळी लावून गोळा फुटेना, तर नातीला म्हणतात कशा, ‘‘कामून गं, ग्रेव्हीवालं नव्हतं का?’’ एका वहिनींचे डोहाळे तर चायनीज भेळेवर गेलेत. सासूबाई चारचौघांत कपाळाला हात लावतात आणि अंधार पडला की पिशवी पदराखाली घालून स्वतःच आणून देतात. येताना एक मूठ कुरकुरीत नूडल्स वाटेतच कमी होतात, ते सुनेनं ओळखलंय, बोलत नाही.

आता पुढची ऐका, पण माझं नाव सांगू नका. श्रावण तोंडावर आलाय. कांदा-लसूण बंद, तेव्हा दादा महिनाभर गाळा बंद ठेवणार अशी आवई उठली. ती ऐकून काल रात्री एक गृहस्थ घाईघाईनं चौकशीला गेले. बिनकांद्याचं, बिनलसणाचं, ‘जैन’ मंचुरियन मिळेल असं कळल्यावरच त्यांचा जीव भांड्यात पडला. कोण म्हणता? तेच हो. चुलते.